पायापुरता उजेड

घरांत वीज आली म्हणजे अंधार कायमचा गेला, अशी समजूत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत सरसकट आढळते. संध्याकाळीं ती खोटी ठरत नाहीं. दिवाणखान्यांत दिवे झळकत असतात, स्वयंपाकघरांत भांड्यांवर उजेड खेळत असतो, मुलें टेबलाशीं अभ्यास करीत असतात. परंतु रात्रीं अकरा वाजतां दिवे मालवले, घर निजलें, आणि दोन-अडीचच्या सुमारास वडील मंडळींपैकीं कोणी लघुशंकेसाठीं उठलें, म्हणजे त्या घरांत वीज आहे कीं नाहीं या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाहीं. बटण असतें दाराच्या चौकटीपाशीं, पलंग असतो खिडकीच्या कडेला, आणि त्या दोहोंमधलीं आठ-दहा पावलें चांचपडतच टाकावीं लागतात. या आठ-दहा पावलांचा, आणि त्यांच्या पुढच्या पांच-सात पावलांचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

वीज नव्हती तेव्हां रात्रींचें घर अगदींच काळोखें नसे. देवघरांत नंदादीप तेवत असे. माजघरांत कंदिलाची वात बारीक करून ठेवलेली असे. आणि कोणाला परसांत किंवा मोरीवर जावयाचें झालें, तर तो कंदील उचलून हातीं घेतला जाई. हातांत लोंबता धरलेला कंदील गुडघ्याच्या उंचीवर येतो. त्याचा उजेड थोडका, परंतु तो नेमका जेथें पाहिजे तेथें, पुढच्या पावलावर पडतो. जुन्या दिव्यांचें गुणगान करण्याचा हा प्रकार नव्हे. रॉकेलच्या चिमण्यांनीं किती पदर पेटले आणि धुरानें किती डोळे चुरचुरले, हें त्या काळच्या बायकांनाच ठाऊक. तथापि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत १८८२ सालीं विजेचे दिवे लागले, १९०५ मध्यें शहराला वीज पुरविणारी कंपनी निघाली, १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत् मुंबईकडे येऊं लागली, आणि या सगळ्या प्रगतींत एक लहानसा फेरफार कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. दिवा जमिनीजवळून उचलला गेला आणि आढ्याला टांगला गेला. शिवाय, पूर्वीं तो बारीक करतां येई. आतां तो एक तर पुरता लागतो, नाहीं तर पुरता मालवतो.

या फेरफाराचा पायांना काय उपद्रव होतो, हें समजण्यासाठीं अगोदर डोळ्याची थोडी ओळख पाहिजे. डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. एक जात शंकूच्या आकाराची, दुसरी दंडाच्या. शंकुपेशी भरपूर उजेडांत काम करतात. रंग ओळखणें, बारीक अक्षर वाचणें हें त्यांचें काम. दंडपेशींना रंग कळत नाहीं, बारकावा कळत नाहीं. पण चांदण्यांत पायवाट दिसते ती त्यांच्या कृपेनें. लक्स या मापानें बोलावयाचें तर पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश जमिनीवर सुमारें पाव लक्स पडतो, आणि भर दुपारच्या उन्हाचा एक लाख लक्सच्या घरांत जातो. एवढ्या अफाट टापूंत एकच डोळा वावरतो, परंतु वेष बदलण्यास त्याला वेळ लागतो. उजेडांतून अंधारांत गेल्यावर शंकुपेशी सुमारें दहा मिनिटांत आपल्या परीनें सज्ज होतात. दंडपेशींना पुरतें जागें होण्यास अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक लागतो. उलट अंधारांतून एकदम झगझगीत दिव्यापुढें आलें, तर ही अर्ध्या तासाची कमाई कांहीं क्षणांत खर्च होऊन जाते.

म्हणूनच रात्रींच्या फेरींत जाण्यापेक्षां परत येणें अधिक धोक्याचें असतें. ज्यानें दोन वाजतां उठून संडासांतील मोठा दिवा लावला, पांढऱ्याशुभ्र फरशांवरून उसळणारा त्याचा झगमगाट डोळ्यांत घेतला, आणि तो दिवा मालवून जो पुन्हां पलंगाकडे निघाला, तो मनुष्य त्या क्षणीं घरांतील सर्वांत आंधळा मनुष्य असतो. जातांना निदान त्याचे डोळे अंधाराला सरावलेले होते. येतांना तेहि नाहींत. घरांत भरपूर दिवे आहेत, मग पडण्याचें कारण काय, असें विचारणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. उणीव दिव्यांची नसते. दिवा आणि अंधार यांच्यामधली पायरी फार उंच असते.

तरुणपणीं हें सारें निभावून जातें. ठेंच लागली तरी तोल सांवरतो. परंतु वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिवळट होत जातें, आणि अंधारांतहि बाहुली पूर्वींइतकी फांकत नाहीं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. याचा सरळ अर्थ असा कीं, ज्या खोलींत नातवाला 'बरेंच दिसतें आहे', त्याच खोलींत आजोबांना कांहींच दिसत नाहीं, आणि दोघेहि खरें बोलत असतात. अंधाराला सरावण्यास वृद्ध डोळ्यांना वेळहि जास्त लागतो. त्यांत मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर समोरून येणारा उजेड भिंगांत विखुरतो, आणि उघडा दिवा हा साहाय्य करण्याऐवजीं डोळ्यांपुढें पांढरा पडदा धरतो. वर चष्म्याची अडचण वेगळीच. वाचण्याचें आणि दूरचें अशीं दोन्ही भिंगें एकाच कांचेंत बसविलेला चष्मा लावून खालीं पाहिलें, म्हणजे पायरी वाचावयाच्या भिंगांतून दिसते, अर्थात् पुसट दिसते. अशा चष्म्यानें कडा ओळखण्याची व खोलीचा अंदाज घेण्याची शक्ति उणावते आणि पडण्याचा संभव वाढतो, असें ऑस्ट्रेलियांतील स्टीफन लॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं दाखवून दिलें आहे.

पडण्याची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरसाल सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें पडल्यामुळें दगावतात, आणि त्यांतील शेंकडा ऐशींहून अधिक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. हे आंकडे सर्व प्रकारच्या पडण्याचे आहेत. परंतु साठी उलटलेल्यांचा त्यांतील वाटा सर्वांत जड आहे. वृद्ध स्त्रियांचीं हाडें ठिसूळ झालेलीं असतात. खुब्याशीं मांडीचें हाड मोडलें, म्हणजे शस्त्रक्रिया, अंथरूण, दुसऱ्याच्या आधारावाचून न उठण्याचे महिने. आणि हाड सांधलें तरी पुन्हां पडण्याची जी धास्ती मनांत घर करते, ती सहजासहजीं जात नाहीं. स्वतःच्या पायांनीं देवळापर्यंत जाणारी बाई त्यानंतर गॅलरीपर्यंतच जाऊं लागते. हें सारें पुष्कळदां एका अंगुळाच्या उंबऱ्यामुळें घडतें.

आतां घरोघरचा एक संवाद पाहावा. सकाळीं गुडघ्याला खरचटलेलें पाहून सून विचारते, "आई, दिवा कां नाहीं लावला?" सासूबाई म्हणतात, "कशाला ग, तुम्ही दमून निजलेलीं. मला वाट पाठ आहे." या उत्तरांत माया आहे, थोडी काटकसर आहे, आणि आपण अजून कोणाच्या अडचणीचे झालों नाहीं हें दाखविण्याची धडपडहि आहे. त्यावर सुनेनें रागें भरून कांहीं उपयोग नसतो. पाठ झालेली वाट खरी. पण त्या वाटेवर काल रात्रीं नातवानें दप्तर टाकलें, पाहुणे आल्यामुळें बाहेरच्या खोलींत आणखी एक गादी घातली गेली, हें त्या पाठांतरांत नसतें. दिवा लावण्याचा उपदेश करण्यापेक्षां, लावावा न लागणारा आणि कोणाची झोप न मोडणारा दिवा करून ठेवणें हा खरा उपाय होय.

असा दिवा मंद हवा, खालीं हवा, आणि त्याची ज्योत, म्हणजे प्रकाशाचें मूळ, डोळ्यांआड हवें. या तिन्ही गोष्टी एकमेकींशीं बांधलेल्या आहेत. शाळेंत शिकविलेला व्यस्त वर्गाचा नियम येथें उपयोगीं पडतो. नऊ फुटांवरचा दिवा दीड फुटावर आणला, तर अंतर सहापट कमी होतें आणि त्याच्या समोरच्या जमिनीवर उजेड छत्तीसपट पडतो. म्हणजे आढ्याला नऊ वॅटचा दिवा जें काम करतो, तें पावलांपुरतें काम पाव-अर्ध्या वॅटचा दिवा भिंतीच्या पायथ्याशीं बसून करतो. तो पलंगाच्या पाटीखालीं, कपाटाच्या तळाला किंवा भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवावा, आणि त्याचें तोंड खालीं करावें. नाट्यगृहांत व चित्रपटगृहांत खुर्च्यांच्या ओळींजवळ पायरीला लावलेले बारीक दिवे सर्वांनीं पाहिले आहेत. खेळ चालूं असतां प्रेक्षकाला अडखळूं न देणारी आणि इतरांच्या डोळ्यांना न टोंचणारी ती युक्ति घरांत आणण्यास कोणाची हरकत नाहीं.

एकच दिवा मात्र पुरत नाहीं. पलंगाशीं एक आणि संडासाच्या दाराशीं एक असे दोन दिवे असून मधला बोळ काळा राहिला, तर तो बोळ अधिकच काळा भासतो. एका दिव्याच्या कडेवर उभें राहिलें असतां दुसऱ्याचा उजेड जमिनीवर दिसावा, अशी सांखळी पाहिजे. आणि ती रात्रभर पाहिजे. माणसाच्या अंगाची उष्णता ओळखून आपोआप लागणारे दिवे हल्लीं बाजारांत सर्रास मिळतात. ते चांगले आहेत, परंतु ते घेतांना दोन गोष्टी पाहाव्या. एक, ते लागले म्हणजे मंदच लागावे. दुसरी, ते लवकर मालवूं नयेत. वृद्ध मनुष्य संडासांत स्थिर बसलेला असतां तीस सेकंदांत दिवा गेला, तर अंधारांत हातवारे करून तो पुन्हां लावण्याची वेळ त्याच्यावर येते. हा विज्ञानाचा उपयोग नव्हे, थट्टा होय.

खर्चाचा प्रश्न निघतोच, म्हणून तोहि हिशेब करून टाकावा. आपल्याकडे पूर्वीं 'झिरोचा दिवा' घरोघर असे. नांव शून्याचें, पण तो तारेचा दिवा दहा-पंधरा वॅट वीज खाई. जुन्या चक्रीच्या मीटरला एवढी थोडी वीज नीट मोजतां येत नसे, म्हणून तो फुकटांतला मानला जाई. आजचा अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रोज दहा तास लावला, तर वर्षाकांठीं १,८२५ वॅट-तास, म्हणजे दोन युनिटांहूनहि कमी वीज लागते. युनिटाला दहा रुपये धरले तरी वर्षाचे वीस रुपये होत नाहींत. असे चार दिवे रात्रभर जळले तरी वर्षाचा खर्च एका वेळच्या रिक्षाभाड्याइतकाच येतो.

दिव्याच्या रंगाविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. बोहेमियांतील शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यानें १८२५ सालीं नमूद केलें कीं, दिवसां तेजस्वी दिसणारीं तांबडीं फुलें संधिप्रकाशांत काळवंडतात आणि निळ्या-हिरव्या वस्तु उजळ भासतात. कारण दंडपेशींना निळसर-हिरवा प्रकाश अधिक समजतो आणि तांबडा जवळजवळ समजतच नाहीं. आगगाडीच्या डब्यांत रात्रीं निळा दिवा ठेवण्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. तेवढ्या थोड्या उजेडांत डबा दिसतो तो याच कारणानें. मग घरींहि निळाच लावावा काय? नाहीं. वृद्धांचें पिवळट भिंग निळा प्रकाशच जास्त अडवतें. शिवाय, डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या आणखी एका जातीच्या पेशी आहेत, हें २००२ सालीं डेव्हिड बर्सन वगैरे संशोधकांनीं उघडकीस आणलें. या पेशी चित्र पाहण्यासाठीं फारशा नसून शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळविण्यासाठीं आहेत, आणि त्यांना निळा प्रकाश विशेष जाणवतो. मध्यरात्रीं पांढराशुभ्र दिवा डोळ्यांवर आला, कीं शरीराला पहाटेचा भास होतो, झोप आणणाऱ्या द्रव्याचा स्राव मंदावतो आणि पलंगावर परतल्यावर तास-तास डोळा लागत नाहीं. निळ्या एलईडीचा शोध लावल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्या शोधामुळेंच आजचे स्वस्त पांढरे दिवे शक्य झाले. पण त्याच दिव्यांत निळा अंश भरपूर असतो, हेंहि तितकेंच खरें. डबीवर ६५०० केल्व्हिन असें छापलेला दिवा अभ्यासाला ठेवावा. रात्रींच्या वाटेला २७०० किंवा त्याहून कमी, समईच्या ज्योतीसारखा पिवळा-केशरी दिवा बरा. निव्वळ तांबडा नको. त्यांत उंबरा आणि फरशी यांतला भेद कळत नाहीं.

भेद कळणें हीच मुख्य गोष्ट आहे. आपल्या शहरी घरांत न्हाणीघराची जमीन बाहेरच्या जमिनीहून एखाद-दोन इंच खालीं असते, म्हणजे पाणी बाहेर येऊं नये. दारांत दगडी उंबरा असतो. फरशी पांढरी, उंबरा पांढरा, आंतली फरशीहि पांढरी, अशी व्यवस्था घर बांधणाऱ्याला मोठी स्वच्छ व सुंदर वाटते. अंधुक उजेडांत ती सारी एकच सपाट जमीन दिसते, आणि पाऊल दोन इंच अधांतरीं पडतें. येथें दिवा वाढवून उपयोग नाहीं. कड रंगविली पाहिजे. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच ब्रिटनमध्यें रात्रीं सगळे दिवे झांकण्याचा हुकूम निघाला. लगेच रस्त्यांवरील अपघाती मृत्यूंची संख्या भराभर वाढली. तेव्हां पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे, पायऱ्यांचीं टोकें यांवर पांढरे पट्टे ओढण्यांत आले. दिवा लावण्याची सोय नसतां केवळ रंगानें वाट दाखविण्याचा तो प्रयोग होता. पांढऱ्या उंबऱ्याला काळी किंवा गडद तपकिरी, आणि काळ्या ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला पिवळी, दोन बोटें रुंद खरखरीत पट्टी चिकटविण्यास अर्धा तास पुरतो. शोभा थोडी बिघडते, ती बिघडूं द्यावी.

दाराची चौकट स्वतः दिसणें हेंहि उपयोगाचें ठरतें. मनुष्य तोल सांभाळतो तो पायांइतकाच डोळ्यांनीं; उभ्या आणि आडव्या रेषा दिसल्या कीं शरीराला सरळ म्हणजे काय तें कळतें. अमेरिकेंत ट्रॉय येथील रेन्सेलेर संस्थेच्या प्रकाश-संशोधन केंद्रांत मारियाना फिगेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्धांवर प्रयोग केले. त्यांत नेहमींच्या लहानशा रात्रदिव्यापेक्षां दाराच्या चौकटीच्या रेषा मंद दिव्यांनीं दाखविल्या असतां वृद्धांना तोल सांवरण्यास व चालण्यास साहाय्य होतें, असें आढळलें. आपल्याकडे दिवाळींत चौकटीला रोषणाईची माळ लावतात. तिचीच एक शांत, न लुकलुकणारी बहीण वर्षभर राहूं द्यावी, इतकीच ही सूचना आहे.

जिन्याची गोष्ट वेगळी. पुण्याच्या जुन्या वाड्यांतील दादर चढतांना जितका अवघड, त्याहून उतरतांना अधिक. येथें मंद दिवा चालणार नाहीं. प्रत्येक पायरीची कड स्पष्ट दिसावी इतका उजेड पाहिजे. दिवा वरच्या टोकाला उतरणाऱ्याच्या पाठीमागें असला, तर त्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायऱ्यांवर पडते आणि ज्या पायरीवर पाय ठेवावयाचा तीच काळी होते. दिवा बाजूच्या भिंतीवर, किंवा खालच्या वळणावर झांकण घालून असावा. दोन्ही टोकांना बटण पाहिजे; वर लावून खालीं मालवतां येणारीं दुहेरी जोडणीचीं बटणें वायरमन सहज बसवून देतो, तरी नवीन इमारतींतहि त्यांची आठवण कोणाला होत नाहीं. पहिली आणि शेवटची पायरी विशेष जपावी, कारण जिना संपला असें वाटतें आणि एक पायरी उरलेली असते. हातांत मोबाइलचा झोत धरून उतरण्याची संवय हल्लीं सार्वत्रिक झाली आहे. तिनें कठड्याचा हात अडकतो, आणि झोताबाहेरचें सर्व अधिकच काळें होतें. गरजेपुरतें ठीक, नेहमींची व्यवस्था म्हणून ती अगदीं वाईट.

मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हें सारें बसवावयाचें कसें, असा आक्षेप येईल. तेथें बाहेरच्या खोलींत चार अंथरुणें पडतात आणि वाट म्हणजे दोन गाद्यांमधली फट. अशा घरांत दिव्याइतकीच शिस्त महत्त्वाची. वडील माणसाचें अंथरूण दारापाशीं घालावें, आंत कोपऱ्यांत नव्हे. मग भलेहि तें यजमानाचें मानाचें ठिकाण असो. एका भिंतीच्या कडेनें दीड हाताची पट्टी रात्रीं मोकळी राहील, तींत चप्पल, दप्तर, चार्जरची वायर, घडवंची कांहीं येणार नाहीं, एवढें घरानें पाळावें. चष्मा उशाशीं हाताला लागेल असा ठेवावा. आणि उठणाऱ्यानें एकदम उठूं नये: पाय खालीं सोडून मिनिटभर बसावें. निजलेलें शरीर ताडकन् उभें राहिलें कीं रक्ताचा दाब उतरून घेरी येते. त्या मिनिटांत घेरी टळते आणि पायांखालीं काय आहे तेंहि दिसूं लागतें. वीज गेली असतां आपोआप लागणारा बॅटरीवरचा एखादा दिवा याच वाटेवर असावा, कपाटांत नव्हे.

दिवे कोठें बसवावे, हें ठरविण्यास तज्ज्ञ बोलाविण्याची गरज नाहीं. घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें रात्रीं सर्व दिवे मालवून अर्धा तास बसावें आणि मग पलंगापासून संडासापर्यंत जाऊन परत यावें. ज्या ज्या ठिकाणीं हात आपोआप भिंतीकडे जाईल, तेथें खडूनें खूण करावी; दिवा तेथें पाहिजे. हेंहि जमत नसेल तर दिवसां भिंती नीट पाहाव्या. वडील मंडळी जेथें रोज रात्रीं चांचपडतात, तेथें रंगावर तळहाताच्या उंचीचा एक मळकट पट्टा उठलेला असतो. रंगारी तो दरवेळीं झांकून जातो आणि वर्षभरांत तो पुन्हां दिसूं लागतो. बहुधा दाराच्या चौकटीजवळ, न्हाणीघराच्या उंबऱ्याशेजारीं आणि जिन्याच्या वरच्या टोकाला.